बेचाळीस सेकंदांचं पानिपत

चार शनिवार, दर शनिवारी संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे एकूण बारा तास आमच्या नातवाच्या तळघरात घनघोर लढाई झाली. बारा तास उलटल्यावर त्या लढाईतला किती वेळ पुढे सरकला होता, ते मी कागद-पेन्सिल घेऊन काढलं. बेचाळीस सेकंद. हिशेबात चूक असेल असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, एका बँकेत छत्तीस वर्षं मी लेजरं ओढली आहेत आणि माझ्या बेरजेत ऑडिटरला एकदाही पैची तफावत सापडलेली नाही. (एकदा सत्त्याण्णव पैशांची होती. पण ती रात्री पावणेदहाला माझी मलाच सापडली, तेव्हा ती धरायची नाही.) तर बेचाळीस सेकंद. एवढ्या वेळात मला माझा चष्मा सापडत नाही, आणि तो बहुतेक वेळा कपाळावरच असतो.

हे तळघर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात आहे. लेक आणि सूनबाई यांनी आम्हा दोघांना सहा महिन्यांसाठी बोलावलं ते अगदी मनापासून, पण बोलावताना कॅलेंडर बघायचं राहून गेलं. आम्ही नोव्हेंबरात पोचलो. जानेवारीत बाहेर उणे बावीस आणि घरात आम्ही. संध्याकाळचं फिरणं म्हणजे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि परत. अशा परिस्थितीत माणूस कशातही रस घेऊ लागतो. मी नातवाच्या खेळात घेतला.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. यात पत्ते नाहीत. पट असला तर असतो, नसला तर अडत नाही. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक मास्तर. त्याला डंजन मास्टर म्हणतात, पण मी नातवाला नुसतं मास्तर म्हणत असे आणि त्याला ते आवडत असे. मास्तर गोष्ट सांगतो. तुम्ही डोंगरातल्या वाटेनं चालला आहात, समोर पूल आहे, पुलाखाली कुणीतरी घोरतंय. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं झालेले असतात. कुणी चिलखत घातलेला वीर, कुणी जादूगार, कुणी परक्याची कुलपं उघडण्यात पटाईत. आपण काय करतो ते त्यांनी तोंडानं सांगायचं, आणि करायला अवघड असेल ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. एवढंच. संहिता नसलेलं, तालीम नसलेलं आणि प्रेक्षक नसलेलं नाटक. आमच्या बँकेच्या हौशी नाट्यमंडळाकडे यातल्या निदान दोन गोष्टी नसायच्याच, त्यामुळे मला काही परकं वाटलं नाही.

पहिले दोन महिने मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होतो आणि, खोटं कशाला बोलू, रंगलो होतो. त्या मुलांत एक चष्मेवाली मुलगी होती. शाळेत ती तोंड उघडत नाही, असं नातू सांगायचा. या टेबलावर ती चोर होती. एकदा तिनं एका राक्षसाला त्याच्याच तुरुंगाच्या चाव्या दहा मोहरांना विकल्या, वर जपून वापर म्हणून सांगितलं. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. मीही पायरीवरून वाजवल्या.

मग मास्तरांच्या मनात लढाई आली.

एक गाव, गावाला कोट. कोटात ऐंशी शिपाई आणि आपले पाच वीर. बाहेर दोनशे गॉब्लिन. गॉब्लिन म्हणजे आपल्या मुंज्याचा दूरचा भाऊ समजा, फक्त पिंपळ सोडून टोळीनं हिंडणारा. नातवानं महिनाभर तयारी केली. चिलखतवाल्या पोरानं खाऊचे पैसे घालून साठ प्लॅस्टिकचे गॉब्लिन आणले. उरलेल्या एकशेचाळिसांसाठी सूनबाईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं आली, आणि लांडग्यांवर बसणारे म्हणून वेगळे दाखवायला आमच्या हिनं राजमा दिला. भिंत माझ्या औषधांच्या खोक्यांची होती. दृश्य मोठं भारदस्त होतं. मी पायरी सोडून खुर्ची घेतली.

या खेळात लढाई फेऱ्यांनी चालते. एक फेरी म्हणजे सहा सेकंद, आणि एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी. नातू सरळमार्गी. प्रत्येकाची म्हणजे त्यानं प्रत्येकाची धरली, गॉब्लिन नंबर एकपासून. गॉब्लिन नंबर एकनं बाण सोडला. वीस बाजूंचा फासा टाका, लागला का बघा. लागला तर दुसरा फासा टाका, किती लागला बघा. तो आकडा ज्याला लागला त्याच्या खात्यातून वजा करा. मग गॉब्लिन नंबर दोन. एकेकाला अर्धं मिनिट धरा. टप्प्यात आलेले गॉब्लिन एकशेवीस, उलट मारा करणारे शिपाई साठ. एकशेऐंशी अर्धी मिनिटं म्हणजे दीड तास. पाच वीरांची मिळून पंधरा मिनिटं. लढाईत सहा सेकंद गेले, घड्याळात पावणेदोन तास. पहिल्या शनिवारी दुसरी फेरी अर्ध्यावर आली तेव्हा पोरांना न्यायला आयांच्या गाड्या येऊन बर्फात उभ्या होत्या. चार शनिवारांत जेमतेम सात फेऱ्या. साते सक बेचाळीस.

चष्मेवालीची पहिली पाळी पावणेनऊला आली. तिनं सुरा फेकला. फाशावर तीन पडले. चुकला. झालं, पाळी संपली. पुढची पाळी पुढच्या शनिवारी. तिनं काही तक्रार केली नाही, दप्तरातून गणिताचं पुस्तक काढलं आणि उदाहरणं सोडवायला लागली. गावाला वेढा पडलेला असताना कोटावरचा चोर गणितं सोडवतोय! तिसऱ्या शनिवारी तिला सर्दी झाली. चौथ्या शनिवारी तिच्या घरी आत्या आली. सर्दी आणि आत्या ही दोन्ही कारणं मी नोकरीत वापरलेली असल्यामुळे मला त्यांची किंमत माहीत आहे. नातू मात्र हिरमुसला. ही सगळी पोरं शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ऑगस्ट उजाडला की कुणी टेक्सासला, कुणी बॉस्टनला. या टेबलाला उरलेले शनिवार बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले चार गॉब्लिनांनी खाल्ले होते.

इथे मला बोलायचं आहे, आणि जरा कडक बोलायचं आहे. मोठी लढाई म्हणजे छोट्या मारामाऱ्यांची बेरीज, ही एक अंधश्रद्धा आहे. ती बाळगणारे लोक या खेळात फार आहेत, चांगले शिकलेसवरलेले आहेत, आणि त्यांच्या पिशव्या फाशांनी भरलेल्या आहेत. मी त्यांना फासेवाले म्हणतो. फासेवाल्यांचं म्हणणं असं की दोनशे गॉब्लिन असतील तर दोनशे वेळा फासा पडलाच पाहिजे, नाहीतर न्याय होत नाही. दुसऱ्या शनिवारी चिलखतवाल्यावर चाळीस गॉब्लिनांनी एकदम बाण सोडले, तेव्हा मी न राहवून म्हटलं, "पन्नास लिही आणि पुढे चल."

"पन्नास कशावरून, आजोबा?"

कशावरून काय, त्रैराशिकावरून! चिलखत आणि ढाल धरून त्या पोराला बाण लागायला फाशावर सोळा किंवा वर पडावे लागतात. वीसपैकी पाच बाजू, म्हणजे चौथा हिस्सा. चाळिसांचा चौथा हिस्सा दहा. एका बाणाची सरासरी इजा पाच, आणि ती त्यांच्याच पुस्तकात गॉब्लिनच्या नावाखाली छापलेली आहे. दाहे पाचे पन्नास. माझ्यावर विश्वास न ठेवता त्यांनी चाळीस फासे टाकले. नऊ बाण लागले. नऊ वेळा दुसरा फासा. इजा सत्तेचाळीस. पाव तास गेला.

एकटा माणूस फासा टाकतो तेव्हा त्यात धाकधूक असते. तीन पडतील की एकोणीस, कुणाला ठाऊक? पण चाळीस जण टाकतात तेव्हा सगळ्यांच्या नशिबाची घुसळण होऊन सरासरीचं ताक तेवढं उरतं. सात लागतील, तेरा लागतील, बहुतेक दहाच्या आगेमागे. जितके फासे जास्त तितकं नशीब कमी, आणि तरी सगळा वेळ त्यातच. बँकेत दिवसाला हजारो चेक यायचे. मॅनेजर प्रत्येक चेक हातात घेऊन त्याच्या भवितव्याची चिंता करत बसला असता तर संध्याकाळी त्याला भेटायला मनोविकारतज्ज्ञ आला असता. त्याला दिवसअखेरची बाकी लागते.

गंमत अशी की फासेवाल्यांच्याच घरात याला उतारा आहे. २०१४ साली निघालेल्या मास्तरांच्या मार्गदर्शक पुस्तकात झुंडीसाठी एक छोटा तक्ता दिलेला आहे. सोळा पडावे लागत असतील तर चार हल्लेखोरांमागे एक वार बसला असं धरा, फासा टाकू नका, असं तो सांगतो. माझंच त्रैराशिक! नातवाला दाखवला तर म्हणाला, "हे पान मी वाचलंच नव्हतं." नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा माणूस ते वाचत नाही, हा अनुभव मला नोकरीत पहिल्याच महिन्यात आला होता.

फासेवाल्यांचं दुसरं म्हणणं, की हा खेळ मुळात लढाईतूनच आलाय. हे खरं आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सनं जेफ पेरेनबरोबर १९७१ साली चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले. त्यात मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस माणसं धरायची. १९७४ साली गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ तीन पुस्तिकांच्या खोक्यात बाहेर पडला, तेव्हा वरच लिहिलं होतं की हे युद्धखेळांचे नियम आहेत. सगळं मान्य. पण एका बाहुलीत वीस माणसं घालणारे हे लोक, तुमच्यासारखे एकेक गॉब्लिन मोजत नव्हते, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरता.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट मला गावच्या वाचनालयात सापडली. (तिथे हीटर उत्तम आहे.) मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडगावं. पुण्याला पिंपरी-चिंचवड तसं, पण मधून मिसिसिपी वाहते. इथे १९६९ साली डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडायचं ठरवलं. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंनी येणाऱ्या दोन फौजा. तोपर्यंतच्या रिवाजाप्रमाणे दोन खेळाडू दोन सेनापती झाले असते आणि बाकीचे बघत बसले असते. वेस्लीला वाटलं, इतके मित्र आलेत तर प्रत्येकाला काहीतरी देऊ. म्हणून कुणाला गावचा नगराध्यक्ष केलं, कुणाला सावकार, कुणाला विद्यापीठाचा प्रमुख. झालं! त्या मंडळींनी आपापसात अशी काही खलबतं सुरू केली, एकमेकांना अशी काही आव्हानं दिली, की फौजा राहिल्या बाजूला. लढाई झालीच नाही. वेस्ली डोकं धरून बसला, आपला खेळ पार फसला असं समजून. आणि मित्र विचारायला लागले, पुढचा कधी? त्या मित्रांत हा आर्नेसन होता.

म्हणजे बघा, ज्या खेळाचा जन्मच एका न झालेल्या लढाईतून झाला, त्या खेळात तुम्ही चोराला कोटावर उभं करून पावणेदोन तास गप्प बसवता! नगराध्यक्ष, सावकार, प्रोफेसर यांना बोलायला मिळालं म्हणून हा खेळ जगला. मी तर म्हणेन, हे आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं आहे. विषयपत्रिकेवरचा विषय होत नाही, पण येत नाही असा कुणी नाही.

"पण आजोबा, फासा नसला तर मास्तर पक्षपात करील," नातू म्हणाला. हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला मी उडवून लावणार नाही. यावर जगातल्या सर्वांत शिस्तप्रिय सैन्यानं डोकं फोडून घेतलेलं आहे. प्रशियात १८१२ साली फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजाला लढाईचा खेळ करून दिला, आणि १८२४ साली त्यांच्या मुलानं, जो लष्करात अधिकारी होता, त्याचे पक्के नियम केले. नकाशा, दोन मिनिटांची एकेक चाल, फासे, कुणाची किती माणसं पडली त्याचे तक्ते, आणि मध्ये पंच. सेनाधिकाऱ्यांना तो शिकण्यासाठी देण्यात आला. पुढे पन्नासेक वर्षं तक्ते वाढत गेले, पंच तक्त्यांत बुडत गेले, चाली रांगत गेल्या. शेवटी १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्न्वा नावाच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, फेका ते तक्ते आणि फासे. पंचानं अनुभवानं निकाल द्यावा. प्रशियनांना तक्ते आवरायला अर्धशतक लागलं. आमच्या मास्तरांना चार शनिवार लागले, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मात्र तिथला पंच प्रत्यक्ष रणांगण पाहिलेला माणूस होता. आमचा पंच सतरा वर्षांचा, आणि त्यानं पाहिलेलं घोडदळ म्हणजे आमच्या मुक्कामात लावलेली एक टीव्ही मालिका. तेव्हा सगळंच त्याच्या मर्जीवर सोडा असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, फासा एकच टाका, पण सगळ्यांसमोर टाका, आणि टाकायच्या आधी सांगा की वर पडला तर काय आणि खाली पडला तर काय. आधी बोलून दाखवलेलं मग फिरवता येत नाही. आमच्या बँकेत टेंडरं अशीच उघडत. निदान उघडावीत असा नियम होता.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पसंत नाहीत, हे सांगून टाकतो. १९८४ साली या खेळाच्या एका संचात वॉर मशीन नावाची सोय निघाली. दोन्ही फौजांचे गुण काढा, बेरजा-वजाबाक्या करा, प्रत्येक बाजूला एकेक फासा, संपली लढाई. म्हणजे वीरांनी काय करायचं, तर गुणपत्रिका भरायच्या. नंतर १९८५ साली बॅटलसिस्टम आली. तो भलामोठा खोका, त्यात पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचं सैन्य. तो वेगळा खेळच होता, आणि आवडणाऱ्यांनी तो जरूर खेळावा. पण लग्नाला बोलावून पाहुण्यांना केटररचं बिल तपासायला बसवावं तसं ते होतं. त्यापेक्षा एच. जी. वेल्स बरा. त्यानं १९१३ साली लिटल वॉर्स या पुस्तकात सांगितलं की खेळण्यातल्या तोफेनं लाकडी गोळे मारा, जो शिसाचा शिपाई आडवा होईल तो मेला. फासा नाही, भांडण नाही. तळघरात तोफ आणायची माझी सूचना सूनबाईनं टीव्हीकडे बघत फेटाळली.

चौथ्या शनिवारी रात्री नातू बटणं डब्यात भरत होता. मी त्याला पानिपत सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं; त्याच्या शाळेत गेटिसबर्ग आहे. १४ जानेवारी १७६१. मी घोडे किती, तोफा किती ते काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की दुपारपर्यंत आपलं वाईट चाललं नव्हतं. मग विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत घुसले. आणि लांबच्या शिपायांना दिसली ती रिकामी अंबारी. सांगतात की तिथून पळापळ सुरू झाली.

"म्हणजे सगळे मेल्यावर लढाई संपली नाही?"

"सगळे मरेपर्यंत कुणीच थांबत नाही रे. माणसं पळतात. तुझे गॉब्लिन बघ, चार शनिवार एकही पळाला नाही. इतकी निष्ठा आमच्या युनियनमध्येही नव्हती."

एका शिपायाला बाण लागला की नाही, हे फौजेला दिसत नाही. हत्तीवर कुणी नाही, हे सगळ्यांना दिसतं. मास्तरानं सांगावं ते हे. नातू बटण हातात धरून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, पण ते उतरले का?"

"पुतण्या पडला म्हणून."

"मी असतो तर उतरलो नसतो." मग जरा थांबून, "उतरलो असतो, बहुतेक."

मी म्हटलं, हाच तुझा खेळ. हा प्रश्न त्या चष्मेवालीला घाल, आणि बटणं आईला परत दे.

पाचव्या शनिवारी तिला यायला लावण्यासाठी नातवाला बरंच बोलावं लागलं. आत्या अजून गेली नव्हती म्हणे. शेवटी ती आली, गणिताच्या पुस्तकासकट. टेबलावर बटणं नव्हती, राजमा नव्हता. कोट, दरवाजा आणि टेकडीवर गॉब्लिनांच्या सरदाराचा तंबू, एवढंच कागदावर काढलेलं होतं. फौजा सगळ्या मास्तरांच्या तोंडात. भिंतीवर शिपाई थकलेत, बाण संपत आलेत, उत्तरेला धूर दिसतोय, असं तो सांगत गेला. आणि मग म्हणाला, वाडीवरची चाळीस माणसं, पोरंबाळं घेऊन दरवाजाकडे धावत येतायत. गॉब्लिन त्यांच्या पाठीवर आहेत. दरवाजाची किल्ली चोराकडे आहे. उघडतेस?

चिलखतवाला म्हणाला, मुळीच नाही. आत तीनशे माणसं आहेत. जादूगार म्हणाला, उघड. त्यांचं जुंपलं. अकरा मिनिटं (मी घड्याळ लावलं होतं) एकही फासा पडला नाही, आणि पुस्तक दप्तरातच राहिलं. मुलगी दोघांचंही ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उघडते."

नातवानं आधी जाहीर केलं. अकरा किंवा वर पडले तर सगळे आत येतात आणि दरवाजा लागतो. खाली पडले तर दरवाजा अडकतो. तिनं फासा दोन्ही हातांत धरून हलवला आणि टाकला. चार.

जो ओरडा झाला तो ऐकून ही वरून धावत आली. तिला वाटलं जिन्यावरून मीच पडलो. चिलखतवाला, जो उघडू नकोस म्हणत होता, तोच उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी दरवाजात उभा राहतो. राहिला. मेला. मरताना त्यानं जे भाषण केलं ते पावणेदोन मिनिटं चाललं. नियमाप्रमाणे साडेसतरा फेऱ्या होतात, पण मी काही बोललो नाही. तेवढ्या वेळात जादूगारानं सरदाराचा तंबू पेटवला. जाळ सगळीकडून दिसला आणि गॉब्लिन पळत सुटले. नऊ वाजून वीस मिनिटांनी लढाई संपली, आणि आयांच्या गाड्या यायला अजून चाळीस मिनिटं होती.

सगळे खूश झाले असं नाही. चिलखतवाला जिना चढताना मला म्हणाला, एकेक गॉब्लिन मोजला असता तर मी वाचलो असतो, आजोबा. त्यानं साठ गॉब्लिनांवर खर्च केलेला होता, तेव्हा त्याचं दुःख दुहेरी होतं. रात्री अंथरुणात मी त्याचा हिशेब मांडून पाहिला. दरवाजाच्या रुंदीत एका वेळी तिघेच गॉब्लिन मावतात. पोरगं खरंच वाचलं असतं. दोन शनिवार जास्त लागले असते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

एप्रिलअखेर आम्ही पुण्याला परतलो. आता ती पोरं चार राज्यांत पांगली आहेत आणि शनिवारी पडद्यावर एकमेकांना भेटून खेळतात. परवा नातवाचा फोन आला. आरमाराची लढाई आहे म्हणाला, तीस जहाजं. मी म्हटलं, मास्तर, लक्षात आहे ना? तर म्हणाला, मी मास्तर नाही, आता ती चष्मेवाली मास्तर आहे. फार छान चाललंय. तिनं प्रत्येक जहाजाची एकेक तोफ वेगळी धरली आहे, तीन आठवडे झाले, पहिली फेरी संपत आलीय.

मी म्हटलं, तिला फोन दे.